विहीणबाईचं तिकीट

विहीणबाई,

जिवंत होतीस तोवर तुला 'तुम्ही' म्हटलं. आमच्या वसईत विहिणीला एकेरी हाक मारली तर लोक नावं ठेवतात. तुला दोन्हींतला फरक कळत नव्हता, तरी मी म्हणत राहिले. आता मेलीस. आता तू. देवालासुद्धा माणूस तूच म्हणतो, मग तुला वेगळं कशाला?

तुझी थुई परवा परत आली. बॅग दारातच ठेवली, हातपाय धुतले, मियाला पोटाशी घेतलं, आणि मग स्वयंपाकघरात येऊन तुला तिकडे कुठे ठेवलं होतं ते मला सांगितलं. ते मी मागाहून लिहीन. आधी लिहिलं तर पुढचं लिहिणार नाही.

मराठीत लिहिते, कारण दुसरं काही येत नाही. शाळा चौथीपर्यंत. तुझ्या व्हिएतनामी भाषेतले दोनतीन शब्द येतात, तेही जेवणाचे. या घरात मराठी वाचणारी मी एकटीच. नेल्सन माझ्या पोटचा, पण दोन ओळी वाचल्या की फोन हातात घेतो. थुईला बोललेलं निम्मं कळतं. मियाला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. म्हणून मोकळं लिहिते.

आपल्या दोघींना दोह्याला मियासाठी आणलं होतं, हे काही लपलेलं नाही. नेल्सन गॅसच्या कंपनीत, थुई हॉटेलच्या हिशेबात, पोर शाळेतून दुपारी घरी. बाई ठेवली तर पगार द्यावा लागतो, आई ठेवली तर पुण्य लागतं. मी आधी आले. मग थुई म्हणाली, माझ्या आईलाही आणू. मी म्हटलं आण, पण स्वयंपाकघर एकच आहे.

तू आलीस आणि सोफ्यावर बसायच्या आधी बोटांवर मला माझं वय विचारलंस. मला राग आला. नवऱ्यालासुद्धा मी वय नीट सांगितलं नव्हतं. थुई हसली, म्हणाली, "मम्मी, आमच्यात वय कळल्याशिवाय हाक मारता येत नाही." मी सांगितलं. तू दोन बोटं मिटलीस, म्हणजे तू धाकटी. मग वाकून म्हणालीस, "ची." थुईनं सांगितलं, ची म्हणजे थोरली बहीण. विहिणीनं पहिल्याच दिवशी आपला धाकटेपणा कबूल करावा, हे मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी तू ती माशाच्या पाण्याची बाटली उघडलीस. मला वाटलं खालचं गटार तुंबलं. मी नाकाला पदर लावला, खिडकी उघडली, तर बाहेरून गरम धूळ आत. तू हसलीस. मग मी माझे सुके बोंबील भाजले. शेजारची बाई दार वाजवून काही जळतंय का विचारून गेली, आणि तू ताट घेऊन बसलीससुद्धा. बोंबील माझा, पाणी तुझं, भात दोघींचा. "आन दी, ची," म्हणालीस. खा, ताई. त्या दिवसापासून स्वयंपाकघर एकच राहिलं.

बोलायला आपल्याकडे होतं काय? खालच्या दुकानदाराकडून तू 'खलास' उचललास, मी तर आधीच उचलला होता. तांदूळ संपले, खलास. गॅस गेला, खलास. साबण, खलास. बाकी सगळं हातांनी. तरी आपण भांडलो किती! मासा तेलात सोडल्यावर परतायचा कधी यावरून. मियाच्या केसांना तेल लावायचं की नाही यावरून. नवऱ्याच्या फोटोपुढे तू तांदळाच्या पेल्यात उदबत्त्या उभ्या करायचीस आणि पेटवायची नाहीस, कारण धुरानं छतावरची घंटा वाजते. मी विचारलं, न पेटवता पोचतात का त्याला? तू माझ्या जपमाळेकडे बोट दाखवलंस. ते भांडण तू जिंकलीस.

मग ते कपडे सापडले.

मियाच्या शाळेच्या फ्रॉकचं बटण तुटलं होतं, सुईदोऱ्याचा डबा तुझ्या बॅगेत. तू आंघोळीला गेलेली. मी बॅग उघडली. तळाशी पांढऱ्या फडक्यात एक गाठोडं. कोरा तपकिरी झगा, कोरी विजार, कोरे मोजे. घडी न मोडलेले, दुकानाचा वास असलेले. मला कोणी सांगावं लागलं नाही. माझंही असंच आहे, वसईला, लोखंडी ट्रंकेत. पांढरी कोरी साडी, मोजे, एक जपमाळ जी मी कधी वापरत नाही. आमच्या गावात साठी ओलांडलेल्या प्रत्येक बाईकडे असतं. मेल्यावर सुनांनी कपाटं उचकून जुनेरं नेसवू नये म्हणून.

तू ओल्या केसांनी दारात उभी होतीस. मी गाठोडं छातीशी धरलं, मग स्वतःकडे बोट केलं. "माझंपण आहे. वसई. घरी." तू आधी घाबरलीस, मग समजलीस. "चोय ओय!" म्हणून माझ्या खांद्यावर चापट मारलीस आणि दोघी इतक्या हसलो की मिया पळत आली. "व्हॉट्स सो फनी?" म्हणाली. मी म्हटलं, "आम्हा म्हाताऱ्यांचं लग्नाचं सामान."

हसून झाल्यावर दुपारी आडवी झाले, तेव्हा एक गोष्ट मनात आली आणि झोप गेली. मी माझं गाठोडं घरी ठेवून आले होते. परत जायचं आहे म्हणून. तू बरोबर आणलं होतंस.

त्यानंतर मी बघायला लागले. न शिकलेल्या माणसाला बघायचीच सवय असते. तू माशाच्या पाण्याची मोठी बाटली आणायचीस, आता छोटी आणलीस. विजारीची नाडी आत आत बांधायला लागलीस. नवऱ्यानं दिलेली अंगठी बोटातून काढून गळ्यातल्या साखळीत घातलीस. जेवताना ताट माझ्याएवढंच भरायचीस, पण मी पाणी आणायला उठले की ताट निम्मं रिकामं. मागच्या खिडकीखाली अल नस्रच्या त्या गल्लीतल्या मांजरी बसतात ना, त्या जाड झाल्या होत्या. एक तर चालताना डुलत होती. मांजरी फुगल्या आणि तू वाळलीस.

थुईला मी म्हटलं, "तुझी आई जेवत नाही."

"मम्मी, ती म्हणते इथल्या उन्हानं भूक लागत नाही."

"एसीत कसलं ऊन?"

"ती जाणारच आहे ना पुढच्या महिन्यात. पप्पांच्या वर्षदिवसाला. तिकडे गेली की खाईल."

तुझं तिकीट काढून ठेवलेलं होतं. नवऱ्याच्या श्राद्धाला घरी जायचं. ते तिकीट तू नवऱ्याच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलं होतंस. रोज हात लावून बघायचीस, आहे की नाही.

त्याच सुमारास कॅनडा सुरू झालं. दोघांना कॅनडाला कायमचं जायचं होतं. इथे नोकरी आहे तोवर घर. नोकरी गेली की बॅग भरा. मिया मोठी होते आहे. हे मला पटत होतं. आधी ते एका एजंटकडे गेले, मलाही बरोबर नेलं. काचेचं ऑफिस, खजूर पुढे ठेवलेले. तो म्हणाला, "मदर आल्सो गोइंग, सिस्टर. बोथ मदर्स. नो प्रॉब्लेम. यल्ला, साइन." थुईचे डोळे भरून आले. मी नेल्सनला मराठीत म्हटलं, "जो माणूस प्रश्न विचारायच्या आधी हो म्हणतो, त्याला आपण काय विचारणार होतो तेच माहीत नाही."

"मम्मी, प्लीज."

सही झाली नाही, एवढं बरं. थुईच्या एका मैत्रिणीनं दुसरीचं नाव दिलं. किम. कॅनडात राहणारी, परवाना असलेली, तुमच्याच देशातून लहानपणी गेलेली, तुमची भाषा बोलणारी. आपली संध्याकाळ, तिची सकाळ. टीव्हीच्या पडद्यावर ती मोठी दिसली. पन्नाशीची बाई, चष्मा, मागे भिंतीवर काही नाही. पहिलंच वाक्य बोलली ते नेल्सननं मला सांगितलं: "आधी माझा परवान्याचा नंबर घ्या, सरकारी यादीत माझं नाव शोधा, मग बोलू." आणि खरंच थांबली. नेल्सननं फोनवर शोधलं तोवर ती कॉफी पीत बसली. मला ती बाई तिथेच आवडली. मला तपासा म्हणणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं.

मग तिनं सांगितलं की नवरा, बायको आणि मूल, एवढ्यांचाच अर्ज होईल. दोघांच्या आया त्यात नाहीत. कोणी आहेत म्हणालं असेल तर खोटं सांगितलं. पुढे पाहुण्या म्हणून लांबच्या मुदतीवर येऊ शकतील, पण त्याला वेगळे कागद, विमा, आणि मेडिकल.

'मेडिकल' तुला कळलं. इथे आलेल्या सगळ्यांना तो शब्द कळतो. तू मियाच्या केसांतून कंगवा फिरवत होतीस, तो थांबला.

थुई तुला भराभरा समजावून सांगत होती. किमनं तिला मध्येच थांबवलं. नेल्सन मला म्हणाला, "ती म्हणते, आईशी मी स्वतः बोलेन. मुलीनं मध्ये बोलायचं नाही. खोलीतही थांबायचं नाही."

थुईला ते लागलं. "माझी आई आहे," म्हणाली.

किम म्हणाली, "म्हणूनच."

नेल्सन, थुई आणि मिया खाली चक्कर मारायला गेले. मी उठायला लागले, तर किमनं हातानं मला बस म्हटलं. मला एक अक्षर कळणार नव्हतं, म्हणून मी बसले तर चालणार होतं. माझ्या अडाणीपणाचा असा उपयोग पहिल्यांदाच झाला.

तिनं तुला हाक मारली, तुमच्यात वडीलधाऱ्यांना मारतात तशी काहीतरी. तू सोफ्यावर ताठ बसलीस. एवढ्या महिन्यांत मुलगी सोडून तुझ्या भाषेत कोणी तुला प्रश्न विचारला नव्हता. आणि मग तू बोलायला लागलीस. विहीणबाई, तू एवढं बोलतेस हे मला माहीतच नव्हतं! आवाज खाली, हात मांडीत, वाक्यामागून वाक्य. मी पडद्यावरच्या बाईचं तोंड बघत होते. तिनं चष्मा काढला. तू हात जोडलेस. तिनं मान हलवली, नाही. तू फोटोकडे, तिकिटाकडे बोट दाखवलंस, परत हात जोडलेस. तिनं काहीतरी सावकाश सांगितलं आणि परत मान हलवली. तू पदर नसलेल्या खांद्यावर हात फिरवलास, जसा मी पदर सारखा करते. तुला ती सवय माझ्याकडूनच लागली होती.

ते परत वर आले. किम म्हणाली, "त्यांचं म्हणणं त्या स्वतः सांगतील. त्यांच्या वतीनं मी काही सांगू शकत नाही."

सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू हसलीस आणि एक वाक्य बोललीस. थुईनं रडत, हसत सांगितलं, "आई म्हणते, मिया जाईल तिथे मी जाईन."

किमनं मान खाली घातली. ते मी बघितलं. दुसऱ्या कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी मुलं कामावर गेली आणि मी कांदा चिरायला बसले. तू बाथरूममधून आलीस. तोंडाला टॉवेल. टॉवेल खाली घेतलास तर त्यावर काळपट लाल. आपण एकमेकींकडे बघितलं. तू माझा हात घेतलास, आपल्या पोटावर ठेवलास. आत दगड असावा तसं लागलं. तू म्हणालीस, "ची. खलास." तांदळाबद्दल म्हणायचीस त्याच आवाजात. मग थुईच्या खोलीकडे दाखवून ओठांवर बोट. मग फोटोतल्या तिकिटाकडे. मग हातानं विमान.

मी कांदा चिरत राहिले. तू ते हो समजलीस. मी हो म्हटलं नव्हतं.

हेच आपलं भांडण, आणि ते आता कोणी मिटवणार नाही. तुझं म्हणणं मला तेव्हाही कळलं होतं. थोडे दिवस गप्प बस, मी विमानात बसते, घरी जाते, माझी मी मरते. मुलीनं माझ्यासाठी कॅनडा सोडू नये. पण मी तुला त्या बाथरूममध्ये बघितलं होतं. त्या विमानात तुझ्या शेजारी कोण बसणार होतं? गावात तुझ्याजवळ कोण, तर म्हातारा भाऊ. आणि थुईला मागाहून कळलं असतं की घरात एका छताखाली असून आपल्या सासूला हे माहीत होतं. मी सांगितलं. त्याच संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर. "तुझ्या आईच्या पोटात गाठ आहे आणि ती रक्त ओकते आहे. उद्या दवाखान्यात ने." मला गोड बोलता येत नाही.

तुला शब्द कळले नाहीत, पण मी पोटावर हात ठेवला होता. मिया तुला बा म्हणायची, तुमच्यातली आजी. ती म्हणाली, "बा, आर यू सिक?" तू मियाकडे बघितलं नाहीस. माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मी वसईला घेऊन जाणार आहे.

पुढचं तुला माहीत आहे. फोटो, नळ्या, सुया. गाठ पोटातून पुढे गेलेली. थुईनं तिकीट रद्द करायचं नाही असं ठरवलं होतं, पण डॉक्टरनं सांगितलं की असं माणूस विमानात बसवायचं तर दाखला लागतो आणि तो दाखला मी देणार नाही, ही वाटेतच जाईल. थुई हात जोडून उभी होती, तशीच जशी तू त्या पडद्यापुढे होतीस. त्यानंही मान हलवली.

दवाखान्यातच तू तिला सगळं सांगितलंस. ते तिनं मला सांगितलं. त्या संध्याकाळी तू किमजवळ मागत होतीस ते एवढंच: माझ्या मुलीला सांग की नियमात आई बसत नाही, पाहुणी म्हणूनही नाही, म्हणजे ती मला गुपचूप घरी जाऊ देईल, परत बोलावणार नाही, आणि तिला कारण विचारावं लागणार नाही. आणि किम म्हणाली होती, मी खोटं सांगत नाही, तुमच्या भल्यासाठीही नाही. तुम्हीच खरं सांगा, मी शेजारी बसते. तू खरं सांगितलं नाहीस. तिनं खोटं सांगितलं नाही. मी खरं सांगितलं. तिघींनी आपापलं केलं आणि मधल्या मध्ये ते विमान गेलं.

त्या टेबलावरच्या संध्याकाळनंतर तू मला कधी 'ची' म्हटलं नाहीस. मी शुक्रवारी अबू हमूरच्या चर्चमध्ये मिस्साला जायची, तिथून नेल्सन मला दवाखान्यात सोडायचा. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस. मी खुर्चीवर बसायची. मी काही माफी मागायला येत नव्हते. मियानं काढलेलं चित्र, धुतलेले मोजे, असलं काहीतरी घेऊन यायची. एकदा नर्सनं तुझ्यापुढे ती लाल जेली ठेवली. तुझ्या घशाखाली थुंकी उतरत नव्हती. तू वाटी एका बोटानं माझ्याकडे सरकवलीस. "आन दी," म्हणालीस. खा. नुसतं खा. 'ची' नाही. मी खाल्ली. मला ती जेली अजिबात आवडत नाही. सगळी खाल्ली, चमचा चाटला. तू ते बघत होतीस. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

आता ते लिहिते.

थुई तुला पेटीत घालून घेऊन गेली. गाठोडं मी तिच्या हातात दिलं होतं, ते तिकडे तुझ्या अंगावर गेलं, तेवढं काम नीट झालं. पण ती म्हणाली, "मम्मी, मामानं आईला घरात घेतलं नाही. आमच्यात बाहेर मेलेल्या माणसाला उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. घरावर संकट येतं म्हणतात. अंगणात ताडपत्री बांधली, तिथे ठेवलं. पाऊस आला तर ताडपत्री एका बाजूनं खाली आली. मी रात्रभर ती काठीनं वर धरून उभी होते. दार उघडं होतं. आतला आईचा पलंग दिसत होता."

मला हे माहीत नव्हतं, विहीणबाई. तुला ते विमान श्राद्धासाठी नको होतं, नुसतं घरी मरायलाही नको होतं. तुला उंबऱ्याच्या आत मरायचं होतं, म्हणजे आतच राहता येईल. एवढं सांगायला आपल्याजवळ शब्द नव्हता. खलास हा शब्द होता, पण तो सगळ्यालाच चालतो.

माहीत असतं तर मी गप्प बसले असते का? थुईनं विचारलं नाही, पण तिच्या तोंडावर तो प्रश्न आहे. मी स्वतःला विचारून बघितलं. टॉवेल आठवला. मी बहुतेक सांगितलंच असतं. तुला राग येऊ दे. मी बरोबर होते. तू पण बरोबर होतीस. त्याचा कोणाला काय उपयोग झाला ते मला दिसत नाही.

आता घर शांत आहे. मिया दिवसातून एकदा विचारते, "आजी, व्हेअर इज बा?" मी म्हणते घरी गेली. खोटं आहे, पण ती सहा वर्षांची आहे. तुझ्या नवऱ्याच्या शेजारी थुईनं तुझा फोटो लावला. तांदळाचा पेला आणि उदबत्त्या मीच ठेवते, न पेटवता. तुझी छोटी बाटली फळीवर अजून अर्धी आहे.

कॅनडाचं काम पुढे सरकलं आहे. तिघांना जायचंच आहे, आणि नेल्सन म्हणतो मला पाहुणी म्हणून नेईल, लांबच्या मुदतीवर. किमनं त्याला सांगितलं, तुमच्या आईशी मी बोलेन, पण तुम्ही मध्ये नको. तिच्या ऑफिसनं मराठी बोलणारी एक बाई शोधली आहे म्हणे. शुक्रवारी मिस्साहून आल्यावर त्या दोघी पडद्यावर येणार, मुलं खाली चक्कर मारायला जाणार, आणि मला माझ्या भाषेत विचारणार, तुम्हाला स्वतःला काय पाहिजे?

मी नेल्सनला म्हटलं, "नाताळाआधीचं माझं वसईचं तिकीट काढ."

"एकदम? का गं मम्मी?"

"घराची कौलं बघायची आहेत."

"कौलं मी बघतो ना, कोणालातरी सांगतो."

"कौलं मलाच बघायची आहेत. तिकीट काढ."

त्यानं काढलं. ते मी तुझ्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलं आहे. शेजारणीला फोन करून ट्रंक उघडायला लावली. गाठोडं जागेवर आहे, साडीला कसर लागलेली नाही.

शुक्रवारी त्या बाईला काय सांगायचं ते माझं ठरलं आहे. मिया जाईल तिथे मी जाईन. एवढंच एक वाक्य. किम ओळखेल, पण किम सांगत नाही.

आज दुपारी शेरी मासा तळला होता. तुकडा चांगला मोठा होता. थुई पाणी आणायला उठली, तेव्हा मी मागची खिडकी उघडली आणि अर्धा खाली टाकला. मांजरी आधीच येऊन बसल्या होत्या.